रंग उडतोय की प्लास्टिक मरतंय? इनऑरगॅनिक पिगमेंटवर पैसे घालण्याआधी

नमस्कार. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. रबाळे एमआयडीसीत तुमचं इंजेक्शन मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. बाल्कनीत ठेवायच्या एचडीपीईच्या, म्हणजे कडक पॉलिथिन प्लास्टिकच्या, कुंड्या करता. लाल, पिवळा, फिकट आकाशी आणि पोपटी हिरवा असे चार रंग. एक पावसाळा आणि एक मे महिना काढला की लाल गुलाबी पडतो, पिवळा विटतो, आकाशीवर पांढुरकेपणा येतो. हिरवा त्यातल्या त्यात बरा. मास्टरबॅचवाला, म्हणजे प्लास्टिकात मिसळायचे गडद रंगाचे दाणे पुरवणारा, म्हणतो, चारही रंग इनऑरगॅनिक पिगमेंटमध्ये (धातूंच्या संयुगांच्या रंगपुडीत) करून घ्या, रंग कधीच जाणार नाही. दर मात्र तिप्पट. शिवाय तुम्ही विचारलंय की तीच पूड कारखान्याच्या लोखंडी फाटकाच्या रंगात आणि ठाण्याला सिरॅमिकचं काम करणाऱ्या बहिणीच्या ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात, चालेल का.

निष्कर्ष आधीच सांगून टाकते. पिवळा नक्की बदला. आकाशी बहुधा बदलावा लागेल, पण तपासल्याशिवाय नको. हिरव्याला हात लावू नका. आणि लालचा प्रश्न इनऑरगॅनिकने सुटणार नाही, निदान ज्या भडक लालवर तुमचं गिऱ्हाईक भाळतं त्या लालचा तरी नाही. हे का, ते आता सांगते. मी आधी वागळे इस्टेटमध्ये एका पेंट लॅबमध्ये होते, नंतर महापेला मास्टरबॅचमध्ये रंगजुळणी करत आले, त्यामुळे या भांडणाच्या दोन्ही बाजू मला जवळून माहीत आहेत.

पहिली गोष्ट. ‘रंग गेला’ ही तक्रार आमच्याकडे येते तेव्हा त्यामागे किमान तीन वेगवेगळे आजार असतात आणि तिन्हींत कुंडी दिसायला सारखीच फिकट दिसते. पिगमेंट स्वतः मेलेलं असतं, किंवा पिगमेंट शाबूत असतं पण वरचं प्लास्टिक उन्हाने फुटून त्यात बारीक भेगा पडलेल्या असतात, किंवा वर नुसता थर बसलेला असतो. तिसऱ्याला हसू नका. महापे-तुर्भ्याच्या बाजूला पारसिकच्या डोंगरातल्या खाणींची धूळ वर्षानुवर्षं सगळ्यावर बसत आलीय, आणि कुंडीला तर वरून खताच्या पाण्याचे क्षारही लागतात.

म्हणून एक पैसाही खर्च करायच्या आधी परत आलेल्या कुंड्यांवर हे करून बघा. आधी साबणाच्या पाण्याने आणि स्पंजने अर्धी बाजू धुवा. रंग परत आला तर आनंदच आहे. नाही आला तर कोरड्या काळ्या कापडाने घासा. कापडावर पांढरी किंवा रंगीत पूड आली तर पृष्ठभाग सुटतोय, आमच्या भाषेत चॉकिंग होतंय. मग त्याच जागी खोबरेल तेलाचा एक थेंब चोळा. तेल लावल्यावर मूळ रंग जसाच्या तसा उजळून आला, तर पिगमेंट जिवंत आहे. भेगांमुळे उजेड विखुरत होता, तेलाने भेगा भरल्या आणि रंग दिसला. तेल लावूनही लाल गुलाबीच राहिला, तर पिगमेंट संपलं. शेवटी काठाचा एक तुकडा कापून वाकवा. ताज्या कुंडीचा तुकडा वाकतो आणि हा कडकन तुटतो, असं झालं तर आजार प्लास्टिकचा आहे. जगातलं सगळ्यात महाग पिगमेंट घातलंत तरी कुंडी पुढच्या वर्षी फुटणारच, फक्त ती रंगीत फुटेल.

माझा अंदाज असा की तुमचा लाल आणि पिवळा तेलाने परत येणार नाही आणि आकाशी बराचसा येईल. अंदाज चुकला तर खालचं उत्तर त्या मानाने बदलून घ्या.

आता इनऑरगॅनिक इतकं टिकतं का, ते बघू, कारण ‘कधीच जाणार नाही’ या वाक्यात खरं किती ते त्यावरून कळतं. ऑरगॅनिक पिगमेंटचा रंग एका रेणूत असतो. त्यातल्या एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी ठरावीक प्रकाश शोषते. उन्हातल्या अतिनील किरणांनी, ऑक्सिजनने, पाण्याने ती एका ठिकाणी तुटली की त्या रेणूचा रंग संपला. इनऑरगॅनिकमध्ये, म्हणजे तुमचा माणूस ज्यांना ‘कॉम्प्लेक्स’ म्हणत असेल त्या पिगमेंटांमध्ये, धातूंची ऑक्साइडं ८०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजून एकच स्फटिक बनवलेला असतो. त्यातला धातू आधीच ऑक्सिजनशी जोडलेला, त्यामुळे हवेला त्याच्यात जाळायला काही उरलेलं नसतं.

रंग येतो तो धातूच्या अणूभोवती ऑक्सिजन कसे आणि किती बसलेत त्यावरून. कोबाल्टचं उदाहरण तुमच्या शेडमध्येच असेल. जुन्या पद्धतीच्या सिलिका जेलच्या पुडीतले दाणे कोरडे असताना निळे आणि ओलावा शोषला की गुलाबी होतात. धातू तोच, शेजारी बदलले म्हणून रंग बदलला. कोबाल्ट आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं एकत्र भाजली की कोबाल्ट चार ऑक्सिजनांच्या मधल्या जागेत कायमचा अडकतो, आणि पाऊस, ऊन, चुना, सौम्य आम्ल काहीही आलं तरी तिथून हलत नाही. तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हा निळा १८०२ मध्ये बनवला. कलर इंडेक्समध्ये, म्हणजे रंगद्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, तो पिगमेंट ब्लू २८. पिवळ्यात तशीच युक्ती टिटॅनियम डायऑक्साइडच्या रुटाइल स्फटिकावर केलेली असते. त्यात निकेल आणि अँटिमनी घातलं की फिक्कट लिंबू रंग येतो, पिगमेंट यलो ५३. निकेलऐवजी क्रोमियम घातलं की मोहरी-वाळूकडे झुकणारा, पिगमेंट ब्राउन २४.

म्हणजे तुमच्या माणसाचं म्हणणं या गटापुरतं जवळजवळ खरं आहे. पण ‘इनऑरगॅनिक’ हा शब्द फार मोठ्या कुटुंबाचं आडनाव आहे आणि त्या कुटुंबात नाजूक मंडळीही आहेत. ऑफर घेताना याच जागी माणसं फसतात, म्हणून रंगवार सांगते.

पिवळ्यापासून सुरुवात करू. तुमच्या सध्याच्या पिवळ्यात स्वस्त डायअरिलाइड जातीचं ऑरगॅनिक असण्याची शक्यता मोठी आहे. छपाईच्या शाईत ते उत्तम, उन्हात कच्चं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे २०० अंशांच्या वर प्लास्टिकमध्ये ते विघटित व्हायला लागतं आणि त्यातून डायक्लोरोबेंझिडीनसारखे घातक पदार्थ निघू शकतात. एचडीपीई तुम्ही २०० च्या वरच चालवता. त्यामुळे उन्हाचा प्रश्न नसता तरी मी ते तुमच्या मशीनवर येऊ दिलं नसतं.

दुसरी शक्यता लेड क्रोमेटची. तेही इनऑरगॅनिकच आहे, भडक, झाकणारं (म्हणजे आरपार न दिसू देणारं) आणि स्वस्त! उन्हात आणि गंधकाच्या वाफांत ते उडण्याऐवजी काळवंडतं, त्यामुळे तुमचा पिवळा ‘विटला’ म्हणजे मळकट-काळसर झाला असेल तर आधी शिशाची तपासणी करून घ्या. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तो पेंटचा नियम आहे, कुंडीचा नाही, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. पण तुमच्या कुंडीत लोक कोथिंबीर आणि पुदिना लावतात. मी एवढंच म्हणेन.

‘स्वस्तातलं इनऑरगॅनिक पिवळं’ म्हणून कोणी साधं पिवळं आयर्न ऑक्साइड, पिगमेंट यलो ४२, पुढे केलं तर तेही नको. भिंतीच्या रंगात आणि पेव्हर ब्लॉकमध्ये ते फार चांगलं काम करतं. पण त्याच्या स्फटिकात पाणी बांधलेलं असतं आणि साधारण १८० ते २०० अंशांच्या पुढे ते पाणी निघायला लागून पिवळा लाल होतो. तुमच्या बॅरलमध्ये माल जरा जास्त वेळ थांबला की प्रत्येक शॉटला वेगळा बदामी. उष्णता सोसणारा त्याचा भाऊ झिंक फेराइट, पण तो खाकी दिसतो, त्याला पिवळा म्हणून कोणी विकत घेणार नाही.

मग करायचं काय? चमकदार पिवळा हवा असेल तर बिस्मथ व्हॅनेडेट, पिगमेंट यलो १८४. हा लिंबाच्या सालीच्या जवळ जातो, झाकतोही छान, आणि त्यात शिसं नाही. फक्त एचडीपीईच्या तापमानासाठी वरून आवरण दिलेली, प्लास्टिकसाठीची ग्रेड लागते. पेंटसाठीची ग्रेड तुमच्या तापमानाला मळकट होईल. त्यात थोडं पिगमेंट ब्राउन २४ मिसळलं की शेड उबदार होते आणि खर्चही आवरतो. फिक्कट लिंबू चालणार असेल तर निकेल टायटनेट, म्हणजे वरचं पिगमेंट यलो ५३, एकटं पुरे, तुमच्या चारही रंगांत सर्वांत निर्धास्त काम तेच होईल. माझ्या हातून ज्या पिवळ्या शेड बाहेर गेल्या आणि ज्यांची तक्रार परत आली नाही, त्या बहुतेक या तिघांच्या मिश्रणातल्या आहेत.

आकाशीची गोष्ट थोडी वेगळी. त्यात बहुधा थॅलो ब्लू आहे आणि बाकी सगळा टिटॅनियम डायऑक्साइड. थॅलो ब्लू ऑरगॅनिक असूनही गडद शेडमध्ये भरपूर टिकतो. फिकट शेडमध्ये मात्र पिगमेंट कमी, आणि पांढऱ्या कणांवर आपटून उजेड आत पुन्हा पुन्हा फिरतो, त्यामुळे प्रत्येक कणाला जास्त मार बसतो. एकाच पिगमेंटच्या माहितीपत्रकात ब्लू वूल मापावर (उजेडातल्या टिकाऊपणाचं १ ते ८ चं माप) गडद शेडला ७-८ आणि पांढऱ्यात मिसळल्यावर बराच खालचा आकडा दिसतो तो यामुळे. पत्रक बघताना नेहमी दुसरा आकडा बघा. विकणारा पहिल्यावर बोट ठेवतो.

पण पांढुरकेपणा आणि चॉकिंग असेल तर माझा पहिला संशय निळ्यावर नाही, पांढऱ्यावर आहे. टिटॅनियम डायऑक्साइड दोन रूपांत मिळतो, अनाटेझ आणि रुटाइल. अनाटेझ स्वस्त. पण तो उन्हात रासायनिक क्रियेला चालना देतो आणि आजूबाजूचं प्लास्टिक स्वतःच खातो. बाहेर ठेवायच्या मालाला ॲल्युमिना-सिलिकाचं आवरण असलेला, हवामान सोसणारा रुटाइलच हवा. फिकट रंगाच्या मास्टरबॅचमध्ये दर पाडायचा असला की पहिली कात्री इथे लागते, आणि दुसरी खडूची भर घालून. तेव्हा नवीन महाग निळा घ्यायच्या आधी पुरवठादाराला लेखी विचारा: पांढरा रुटाइल आहे का, कोणत्या वापरासाठीची ग्रेड आहे, आणि प्रकाशरोधक स्टॅबिलायझर किती टक्के आहे.

स्टॅबिलायझर म्हणजे प्लास्टिकला उन्हापासून वाचवणारं रसायन, ते ‘हाल्स’. ते नसेल तर बाकीची सगळी चर्चा व्यर्थ. नैसर्गिक, म्हणजे बिनरंगी आणि बिनस्टॅबिलायझरचं एचडीपीई आपल्या उन्हात लवकर ठिसूळ होतं. काळ्या पाइपात हे काम कार्बन ब्लॅक करतो, म्हणून पाण्याच्या एचडीपीई पाइपांच्या भारतीय मानकात तो २.५ टक्क्यांच्या आसपास घालायला सांगितलाय. आकाशी कुंडीला ती सोय नाही, तिला हाल्स हवाच. आणि तुमच्या धंद्यातली खास अडचण म्हणजे गंधकयुक्त बुरशीनाशकं फवारली की काही जातींचे हाल्स निकामी होतात. शेडनेट आणि हरितगृहाच्या कापडात हा प्रश्न जुना आहे. पुरवठादाराला ‘कुंडीवर औषध फवारलं जातं’ हे सांगून ठेवा, तो ग्रेड बदलू शकतो.

एवढं करूनही निळा बदलायचा तर कोबाल्ट ब्लू घ्या. फिकट शेड असल्यामुळे तो फार लागत नाही, म्हणून इथेच तो परवडतो. त्याचा आणखी एक फायदा पुरवठादाराने सांगितला नसेल. थॅलो ब्लू एचडीपीईमध्ये स्फटिकीभवनाची सुरुवात करून देतो, त्यामुळे माल साच्यातून बाहेर आल्यावर वेगळ्या दिशांना वेगळा आकसतो आणि वाकडा होतो. आकाशी कुंडीखालची ताटली टेबलावर डुगडुगते आणि पिवळी डुगडुगत नाही, असा अनुभव असेल तर कारण हेच. कोबाल्ट ब्लूने तो त्रास जातो.

फक्त ‘इनऑरगॅनिक ब्लू’ म्हणून अल्ट्रामरिन गळ्यात मारून घेऊ नका. घरी चुन्यात टाकायची नीळ पावडर असायची, ती हीच. उष्णतेला खंबीर, उजेडाला खंबीर, चुन्याला खंबीर, आम्लाला मात्र पूर्ण हरलेली. अजिंठ्याच्या लेण्यांत लाजवर्दाचा, म्हणजे नैसर्गिक अल्ट्रामरिनचा निळा आजही दिसतो, पण तो गुहेच्या आत, पावसाबाहेर आहे. तळोजा-महापेच्या हवेत भिजत्या बाल्कनीत तीच हमी मी देणार नाही. ओळखायचं असेल तर सुट्या पिगमेंटच्या चिमूटभर पुडीवर उघड्या हवेत, हातमोजे घालून, पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाका. निळा उडाला आणि सडक्या अंड्याचा वास आला तर अल्ट्रामरिन. वास घ्यायला नाक जवळ नेऊ नका, तो वायू विषारी आहे. कोबाल्ट ब्लू ढिम्म हलणार नाही.

आता लाल, आणि इथे बातमी वाईट आहे. टिकाऊ इनऑरगॅनिक लाल म्हणजे आयर्न ऑक्साइड, पिगमेंट रेड १०१. ठाणे-पालघरकडे वारली चित्रांच्या भिंतींना सारवतात तो गेरू त्याचाच नैसर्गिक प्रकार. स्वस्त, झाकणारा, उष्णतेला आणि उन्हाला निर्भय. पण तो विटकरी आहे, जास्वंदीचा लाल नाही, आणि कितीही घोटला तरी होणार नाही. प्लास्टिकमध्ये भडक लाल देणारी इनऑरगॅनिक मुख्यतः दोन, कॅडमियमची आणि शिशाची मॉलिब्डेट. दोन्ही आज कुंडीत घालू नयेत अशी. कॅडमियमबद्दल तर आणखी एक गंमत: ते उष्णतेला उत्तम, पण ऊन आणि ओलावा एकत्र आला की बाहेर फिकट पडतं, म्हणजे ज्या कामासाठी घ्यायचं तिथेच कच्चं.

त्यामुळे तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. भडकपणा हवाच असेल तर चांगल्या प्रतीचं ऑरगॅनिक, डीपीपी लाल म्हणजे पिगमेंट रेड २५४ किंवा क्विनाक्रिडोन, घ्या आणि पैसे द्या. मोटारींच्या रंगांत तीच वापरतात. किंवा कॅटलॉगमध्ये लालच्या जागी ‘टेराकोटा’ आणा. माझं मत विचाराल तर दुसरी वाट. कुंडीला विटकरी रंग शोभतो, पैसे वाचतात, आणि तक्रारच संपते. पण गिऱ्हाईक तुमचं आहे, माझं नाही. मधली वाट म्हणून कोणी आयर्न ऑक्साइडवर स्वस्त ऑरगॅनिक लाल चढवून ‘सेमी-इनऑरगॅनिक’ विकत असेल तर ते मुळीच घेऊ नका. वर्षभरात वरचा लाल जाऊन खालचा विटकरी उघडा पडेल, आणि गिऱ्हाइकाला ती फसवणूक वाटेल.

हिरवा टिकतोय, त्याला टिकू द्या. तो थॅलो ग्रीनचा असणार, आणि क्लोरीनने भरलेल्या त्या रेणूची उन्हातली कामगिरी उत्तम आहे. त्याऐवजी क्रोमियम ऑक्साइड घातलं तर शेवाळी, लष्करी हिरवा मिळेल. तोही अमर, पण पोपटी होणार नाही. पोपटीपणा पिवळ्यातून येतो, आणि तुमच्या हिरव्यात जे काही थोडं निळसर होणं दिसत असेल ते त्यातला पिवळा मेल्यामुळे. तेव्हा हिरव्यात बदल करायचाच तर त्यातला पिवळा फक्त बदला.

मध्येच एक, कारण कोणीतरी विचारणारच: ‘तो नवीन निळा’ वापरू का? यिट्रियम, इंडियम आणि मँगनीजचा तो निळा ओरेगॉन स्टेट विद्यापीठात मूळचे चेन्नईचे मास सुब्रमण्यन यांच्या प्रयोगशाळेत २००९ मध्ये सापडला. देखणा आहे, उन्हातली इन्फ्रारेड परतवतो. पण इंडियममुळे त्याचा दर असा की कुंडी सोन्याच्या दुकानात ठेवावी लागेल.

आता पैशाचं. ‘तिप्पट दर’ ऐकून तुम्ही दचकलात, पण खरा आकडा त्याहून वाईट असू शकतो, कारण दर किलोचा आणि खर्च कुंडीचा असतो. इनऑरगॅनिकची रंगवण्याची ताकद ऑरगॅनिकच्या मानाने खूप कमी आणि वजन जास्त, त्यामुळे डोस वाढतो. हिशोब सोपा जावा म्हणून गोल आकडे धरते. कुंडी अर्ध्या किलोची, आज २ टक्के मास्टरबॅच ३०० रुपये किलोचं, म्हणजे १० ग्रॅम, ३ रुपये. उद्या ९०० रुपयांचं आणि ४ टक्के लागलं, तर २० ग्रॅम, १८ रुपये. दर तिप्पट आणि खर्च सहापट. दुसरीकडे बिस्मथ व्हॅनेडेट आणि टायटनेट स्वतःच झाकतात, त्यामुळे पिवळ्यातला टिटॅनियम डायऑक्साइड बराच कमी करता येतो आणि फरक थोडा भरून निघतो. म्हणून कोटेशन ‘किलोला किती’ असं घेऊ नका. ‘या शेडला, या जाडीत, एवढा झाकणारा रंग यायला कुंडीमागे किती’ असं मागा. भिंत पातळ असेल तर डोस आणखी चढेल, हेही धरा.

मशीनवर दोन फरक जाणवतील. हे दाणे जड असतात, कोरडं मिश्रण करून हॉपरमध्ये टाकलं आणि मशीन हादरत राहिलं की खाली जमतात, आणि सुरुवातीच्या कुंड्या गडद, शेवटच्या फिक्या निघतात. मिश्रण थोडं-थोडं करा. दुसरं, रुटाइल आणि स्पिनेल (म्हणजे कोबाल्ट ब्लूच्या) जातीचे स्फटिक टणक असतात, स्क्रूच्या टोकाची झीज जरा जास्त होते. तुमच्या डोसला घाबरण्यासारखं नाही, पण रीग्राइंड, म्हणजे दळून परत वापरलेला माल, पुन्हा पुन्हा फिरवत असाल तर लक्ष ठेवा. तसंही बाहेरच्या मालात उन्हाने खाल्लेलं रीग्राइंड घालणं मला पटत नाही, कारण त्यातला स्टॅबिलायझर आधीच खर्च झालेला असतो.

चाचणीबद्दल. पुरवठादार ‘हजार तास क्यूयूव्ही पास’ (यंत्रात अतिनील दिव्याखाली केलेली चाचणी) असा कागद देईल. कागद ठेवून घ्या, पण त्या तासांचं रबाळ्याच्या महिन्यांत रूपांतर करणारा ठरावीक गुणक नसतो. पॉलिमर, शेड आणि दिवा बदलला की तो बदलतो. तुम्हाला स्वस्त आणि खरी चाचणी गच्चीवर करता येते. दक्षिणेकडे तोंड करून एक लोखंडी चौकट ठेवा, कुंडीच्या पट्ट्या कापून त्यावर बांधा, प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाका. जुनी शेड आणि नवी शेड शेजारी-शेजारी, आणि प्रत्येकाचा एक तुकडा ऑफिसच्या कपाटात अंधारात. हिवाळ्यात सुरू केलेली चाचणी फसवी असते, मार्चमध्ये लावा आणि पावसाळा पूर्ण काढू द्या. ऑक्टोबरचं ऊनही अंगावर येऊ द्या, ओल्या पावसाळ्यानंतरचं ते कोरडं ऊन बऱ्याच शेडचा निकाल लावतं. पट्ट्या दर महिन्याला धुवून बघा, नाहीतर खाणीची धूळच मोजत बसाल.

यात बरंच काही परिस्थितीवर आहे, तेही कबूल करते. पाम बीच रोडवर विसाव्या मजल्याची पश्चिमेची बाल्कनी आणि ठाण्यात नौपाड्याच्या जुन्या चाळीतली झाडाखालची गॅलरी यांत उन्हाचा हिशोबच वेगळा. तुमचा माल नर्सरीत उघड्यावर वर्षभर पडून मग विकला जात असेल, तर गिऱ्हाइकाच्या घरी जायच्या आधीच त्याचं आयुष्य वापरलं गेलंय. तसं असेल तर नर्सरीवाल्याला कुंड्यांची चळत हिरव्या नेटखाली ठेवायला लावणं हा कुठल्याही पिगमेंटपेक्षा स्वस्त उपाय आहे.

आता फाटक. तेच पिगमेंट पेंटमध्ये चालतं, पण तुमच्या मास्टरबॅचचे दाणे चालणार नाहीत, कारण पिगमेंट पॉलिथिनमध्ये बांधलेलं असतं आणि ते थिनरमध्ये विरघळत नाही. सुटी पूड ऑइल पेंटमध्ये ढवळूनही काम होत नाही, ती नीट दळून कण सुटे करावे लागतात, नाहीतर तळाशी बसते. आणि खरं सांगायचं तर फाटकावर पिगमेंट मरायच्या आधी पेंटचा ऑइलचा थर चमक सोडतो, आणि त्याच्याही आधी खाडीच्या खाऱ्या हवेत गंज आतून डोकं वर काढतो. तिथले पैसे झिंक फॉस्फेट प्रायमरवर आणि घासून गंज काढण्यावर घाला. वरचा रंग विटकरी किंवा राखाडी निवडलात तर बाजारातल्या तयार डब्यातही आयर्न ऑक्साइड आणि टिटॅनियमच असतं, वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही.

बहिणीच्या कामासाठी मात्र ‘नाही’ म्हणेन, आणि कारण असं. प्लास्टिक आणि पेंट पिगमेंटला फक्त धरून ठेवतात. ग्लेझ भट्टीत १००० ते १२५० अंशांना वितळलेली काच होते आणि आपल्यातल्या गोष्टी विरघळवायला बघते. बिस्मथ व्हॅनेडेट त्या तापमानाला स्वतःच वितळून संपेल. पिवळं आयर्न ऑक्साइड तर भट्टी तापतानाच लाल होईल आणि पुढे ग्लेझमध्ये विरघळून बदामी. कोबाल्ट ब्लू तगतो, पण झिंक जास्त असलेल्या ग्लेझमध्ये त्याची छटा सरकते. क्रोमियमचा हिरवा झिंकच्या ग्लेझमध्ये तपकिरी होतो, आणि त्याच भट्टीत शेजारी टिनचं पांढरं ग्लेझ असेल तर क्रोमियमच्या वाफेने त्यावर गुलाबी झाक येते. तिने सिरॅमिक स्टेन म्हणून विकली जाणारी ग्रेडच घ्यावी. त्यात झिरकॉनच्या स्फटिकात व्हॅनेडियम अडकवून निळा, प्रासिओडिमियम अडकवून पिवळा आणि लोह अडकवून गुलाबी-कोरल मिळतो. झिरकॉन ग्लेझमध्ये सहज विरघळत नाही, म्हणून ते रंग भट्टीतून बाहेर येतात. मोरबी आणि खुर्जाच्या कामाला माल पुरवणाऱ्यांकडे हे स्टेन असतात. चहाचे कप करत असेल तर आतल्या बाजूला रंगीत ग्लेझ न लावता पारदर्शक लावावं, किंवा तयार कपाची शिसं-कॅडमियम पाझरण्याची चाचणी करून घ्यावी. स्टेन सुरक्षित असला तरी कच्चं राहिलेलं ग्लेझ सुरक्षित नसतं.

पुरवठादाराला पुढच्या भेटीत चार गोष्टी लेखी मागा: प्रत्येक शेडमधल्या पिगमेंटची कलर इंडेक्स नावं, शिसं, कॅडमियम, पारा आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची चाचणी, तुमच्या तापमानाला पाच मिनिटं थांबवल्यावर शेड किती सरकते, आणि पांढऱ्यात मिसळलेल्या शेडची हवामान-टिकाऊपणाची नोंद. खाण्याच्या वस्तूंशी संबंध येणारा माल कधी काढणार असाल तर आयएस ९८३३ च्या यादीत ती पिगमेंट बसतात का, हेही आत्ताच विचारून ठेवा. कलर इंडेक्स नाव सांगायला जो ‘आमचं सिक्रेट आहे’ म्हणतो, त्याच्याकडून मी तरी बाहेर ठेवायचा माल घेत नाही. शेडचं प्रमाण गुपित असू शकतं, पिगमेंट कोणतं हे नाही.

तेलाच्या थेंबाचा निकाल काय आला, आणि पिवळा फिकट झाला की काळसर, एवढं इथेच लिहा. त्यावरून पुढचं सांगते.